इ.स. ५२ : पाटीवरचं साल आणि संत थॉमस

मिरेवाला (धागाकर्ता):
मध्यंतरी केरळात कोडुंगल्लूरजवळ अळीकोडला जाऊन आलो. पेरियार नदीच्या मुखाशी संत थॉमसचं स्मारक आहे. येशूच्या बारा शिष्यांतला हा थॉमस इ.स. ५२ मध्ये या किनाऱ्यावर उतरला, त्याने सात चर्चं उभारली आणि ७२ मध्ये मद्रासच्या मैलापूरला भाल्याने मारला गेला, अशी तिकडची परंपरा. ५२ हे साल तर तिथल्या पाटीवरच लिहिलंय. आत त्याच्या हाताचं हाड ठेवलंय. कुठून आलं म्हणून विचारलं, तर १९५३ साली इटलीतल्या ओर्तोनाहून! मेला मद्रासला आणि हाड इटलीहून आयात.

माझं म्हणणं एवढंच, की श्रद्धा खुशाल ठेवा, पण साल असं ठोकून सांगू नका. ५२ हा आकडा त्या काळच्या एकाही लेखात नाही. थॉमसच्या भारतवारीची सगळ्यात जुनी सविस्तर कथा तिसऱ्या शतकातल्या एका सिरियाक (सीरियाकडची जुनी ख्रिस्ती धर्मभाषा) ग्रंथात येते. त्यात तो गोंडोफर्नीस राजाकडे जातो. हा राजा वायव्येचा, तक्षशिलेच्या बाजूचा. मलबारचं नावसुद्धा नाही.

शिडाचं_गलबत:
अजिबात पटलं नाही. याच गोंडोफर्नीसला लोक एके काळी कल्पनेतला राजा समजत होते. एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली, मग तख्त-इ-बाहीचा शिलालेख मिळाला. त्यात त्याच्या राज्याचं २६वं वर्ष आहे, म्हणजे हिशेबाने इ.स. ४६ च्या आसपास. भाकडकथा रचणाऱ्याला नेमका त्याच काळातला राजा कसा सापडला?

आणि मलबारचं म्हणाल, तर कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिस या प्राचीन बंदरात मिरीसाठी रोमन साम्राज्यातली जहाजं येत होती. मुझिरिस जिथे असावं असं मानतात त्या पट्टणम गावच्या उत्खननात त्यांच्या मद्याच्या कुंभांची खापरं निघाली आहेत. तांबड्या समुद्रातून जुलैत निघायचं, मोसमी वारा धरायचा, सप्टेंबरात इकडे. वारा उलटला की परत. एवढी माणसं येत होती, त्यात एक सुतार आला असेल तर नवल काय? (त्या ग्रंथात थॉमस सुतार-गवंडी आहे. राजाने महालासाठी दिलेले पैसे गोरगरिबांत वाटून टाकतो आणि ‘तुझा महाल स्वर्गात बांधलाय’ म्हणून सांगतो. चित्रांत त्याच्या हातात गुण्या दिसतो तो यामुळेच.)

ठोकताळा:
‘येऊ शकत होता’ आणि ‘आला’ यांत अख्खा अरबी समुद्र आहे, गलबतराव.

त्या सात चर्चांपैकी पालयूरची कथा बघा. थॉमसने तिथे नंबूदिरी ब्राह्मणांना बाप्तिस्मा दिला म्हणे. पण नंबूदिरींची गावं केरळात वसली ती पुष्कळ नंतर, सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास, असं बहुतेक इतिहासकार मानतात. मग ही कथा कशाला लागते? मूळपुरुष उच्चकुलीन हवा म्हणून. आपल्याकडेही वंशावळी थेट सूर्यापर्यंत नेऊन भिडवतातच की. शिवाय चौथ्या शतकात क्नाईचा तोमा (तोमा म्हणजे थॉमसच) नावाचा व्यापारी आला, अशीही तिथल्या ख्रिस्ती लोकांचीच परंपरा आहे. दोन तोमा एकमेकांत मिसळले नसतील कशावरून?

पावशेर_शंका:
‘जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल पुरावा मागितला, तर राग कसला?

शिडाचं_गलबत:
त्याच्यासमोर जखम तरी होती.

कल्याणची_नस्राणी:
माझा जन्म कल्याणचा, घरात मल्याळम. आम्ही नस्राणी, म्हणजे केरळातले जुने ख्रिस्ती, थॉमसला मार तोमा म्हणतो. नंबूदिरींच्या बाबतीत ठोकताळांशी मी सहमत आहे. तो मिरवायचा भाग मलाही खुपतो, लग्न जुळवताना तर जास्तच.

पण ५२ सालाला आम्ही का चिकटून बसतो ते सांगते. पोर्तुगीज आले तेव्हा आमची प्रार्थना सिरियाकमध्ये होती, बिशप पर्शियाकडून यायचे. पोर्तुगीजांनी आमचंच ख्रिस्तीपण चुकीचं ठरवलं. १५९९ मध्ये कोचीजवळ उदयमपेरूरला त्यांनी भरवलेल्या धर्मसभेनंतर आमचे सिरियाक ग्रंथ जाळले. १६५३ मध्ये मट्टांचेरीला लोकांनी क्रुसाला दोर बांधून, तो धरून शपथ घेतली, की या जेझुइटांच्या (पोर्तुगीजांबरोबरच्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाच्या) हाताखाली राहणार नाही. ‘तुमच्या आधीपासून आम्ही इथले आहोत’ हे सांगायला आमच्याकडे होतं काय? तोमा. तो आमचा सातबारा आहे हो.

२००६ मध्ये पोप बेनेडिक्ट बोलण्याच्या ओघात म्हणाले, की थॉमस पश्चिम भारतापर्यंत गेला आणि तिथून धर्म दक्षिणेत पोचला. म्हणजे तो स्वतः केरळात आलाच नाही असं झालं! आमच्या घरी दोन दिवस चहासुद्धा धड झाला नाही.

ठोकताळा:
सातबारा पटला. पण ताई, सातबाऱ्यावर फेरफारही होतात. आणि ‘बिशप पर्शियाकडून यायचे’ हे तुम्हीच लिहिलंत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक प्रवासी लिहितो, की मलबारात ख्रिस्ती आहेत आणि ‘कल्याणा’त पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासकांच्या मते हे तुमचंच कल्याण. हा पुरावा लेखी आहे. मग पर्शियन व्यापाऱ्यांबरोबर धर्म आला असं सरळ म्हणायला काय हरकत?

कल्याणची_नस्राणी:
व्यापारी आलेच. पण त्यांनी पेसहा आणला का, ते सांगा. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री घरातच बिनखमिराचा अप्पम करतात. त्यावर झावळीचा छोटा क्रूस असतो. घरातला कर्ता पुरुष तो कापतो आणि वयाच्या क्रमाने एकेकाच्या हातात देतो, सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल, तर चूल पेटते पण अप्पम होत नाही, शेजारचे आणून देतात. हे ज्यूंच्या वल्हांडणाशी (बिनखमिराच्या भाकरीचा त्यांचा सण) किती जुळतं बघा.

ठोकताळा:
ज्यूही कोडुंगल्लूरला होतेच. पुरावा नाही म्हणणार, पण हे जपून ठेवण्यासारखं आहे.

मिरेवाला:
मी ‘साल ठोकू नका’ म्हणालो ते स्मारकात हिंडणारा पाहुणा म्हणून. उदयमपेरूरबद्दल मला काही माहीत नव्हतं. तरीही पाटीवर ‘परंपरेनुसार’ एवढा एक शब्द मला हवाच.

कल्याणची_नस्राणी:
लिहा की. फक्त पेसहाला आमच्याकडे आलात, तर अप्पम कापताना साल विचारू नका. आजोबांच्या हातात सुरी असते.