मंडळाचा शिष्यवृत्ती निधी आणि 'बिनकागदाची पोरं': त्या पोस्टला उत्तर

बेएरियाची_सायली: काल अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी ठणकावलं, "मंडळाच्या निधीतून बेकायदा पोरांना दमडी नको. आम्ही रांगेत उभं राहून आलो." रात्रभर डोक्यात तेच. मी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. तीन वर्षांचा असताना आणलेला मुलगा बारावीत माझ्यासमोर बसून फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी केंद्राच्या मदतीचा अर्ज, भरायला घेतो आणि सोशल सिक्युरिटी नंबरच्या चौकटीपाशी अडतो. आईला फोन लावतो. ती नुसती रडते. तेव्हा त्याला कळतं, की आपल्याकडे इथे राहायचे कागदच नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या १९८२च्या प्लायलर निकालामुळे शाळेला त्याला नाकारता येत नाही, पण कॉलेजला केंद्राची मदत शून्य. डाका (लहानपणी आणलेल्या बिनकागदाच्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) म्हणाल, तर जून २००७च्या आधी आलेल्यांना; आज बारावीतली बहुतेक पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, अगदी लहान मुलालाही.

ठाणेकर_काका: कळवळा पोचला. माझी मुलगी एच-फोरवर, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. कर भरतो, नियम पाळतो, फॅफ्सा तिलाही नाही. मार्चमध्ये २१ची होईल, की तो व्हिसा संपला. मग एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा, नाहीतर बॅग भर. आणि तुमच्या डाकाची अट काय? १५ जून २०१२ला कायदेशीर स्टेटस नको! नियम पाळले हाच आमचा गुन्हा. तिच्यासाठी कुणाची झोप उडाली?

जुना_मेंबर: काका, अगदी! ग्रीन कार्डांत दर देशाला जास्तीत जास्त ७ टक्के, ही खरी मेख. माझा नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचा अर्ज (ईबी-टू) २०१५चा, अजून रांगेत. पोरगा इथे पहिलीपासून शिकला, २१ला बाद झाला, आता टोरांटोत बर्फ उपसतोय. यावर धागा काढा.

कोल्हापुरी_मिरची: म्हणजे आता कुणाचं दुःख मोठं याची स्पर्धा? निधीची एवढी काळजी, तर गणपतीतल्या ढोल-ताशाचा हिशोब टाका आधी.

जुना_मेंबर: ढोलाचा इथे काय संबंध? स्वतः वर्गणी भरली का यंदा?

बेएरियाची_सायली: काका, ती अट अन्यायाचीच आहे, मान्य. पण त्याचा राग सोळा वर्षांच्या पोरावर का? आणि 'बेकायदा' म्हटलं की तुम्हाला फक्त सीमा ओलांडून आलेले दिसतात. माझ्याकडे एक मराठी मुलगी होती. बाबांची नोकरी गेली, व्हिसाच्या ६० दिवसांच्या मुदतीत दुसरी मिळाली नाही, परतायची लाज वाटली, राहिले. त्यांच्याकडची पुरणपोळी तुमच्यातल्या कुणीतरी खाल्ली असेल. ती कॅलिफोर्नियाच्या एबी ५४० कायद्यामुळे इथल्या रहिवाशांच्या फीत कॉलेजात शिकतेय. टेक्सासात ही सवलत २००१पासून होती, जून २०२५मध्ये गेली.

ठाणेकर_काका: आईबापांनी केलं ते चूकच. मुलीचं... बरं. वकिलाच्या फीसाठी माझे १०० डॉलर लिहा. कॉलेजच्या फीला एक सेंट नाही. आणि फॉर्मवर एच-फोरच्या पोरांचा वेगळा रकाना हवा, नाहीतर हेही परत घेईन.

कोल्हापुरी_मिरची: वा, काका विरघळले! ढोलाचा हिशोब मात्र राहिलाच.