दोन एक्सबॉक्स आणि ३०७४ पोर्ट
एकाच घरातील दोन एक्सबॉक्स गेमिंग कन्सोलना राउटरमधून ३०७४ हा पोर्ट (माहिती आत येण्याचा क्रमांकित मार्ग) फॉरवर्ड करूनही, म्हणजे त्यांच्याकडे वळवूनही, दुसऱ्यावर नॅटचा (घरातील अनेक उपकरणे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याची राउटरची पद्धत) प्रकार ‘स्ट्रिक्ट’च, म्हणजे इतर खेळाडूंशी जोडणीवर मर्यादा आणणारा, दिसतो, या आपल्या अडचणीचे मूळ असे की राउटर बाहेरचा एक पोर्ट घरातील एकाच आयपी पत्त्याकडे वळवू शकतो, त्यामुळे दुसरा नियम एक तर स्वीकारला जात नाही किंवा निष्प्रभ राहतो. दुसऱ्या कन्सोलच्या नेटवर्क सेटिंग्जमधील प्रगत विभागात पर्यायी पोर्ट निवडावा आणि तोच यूडीपी (माहिती पाठवण्याची एक पद्धत) पोर्ट राउटरमध्ये त्या कन्सोलकडे वळवावा. त्याआधी दोन्ही कन्सोलचे पत्ते डीएचसीपी रिझर्व्हेशनने (उपकरणासाठी ठरावीक पत्ता राखून ठेवण्याची राउटरमधील सोय) कायम करावेत. माझ्याकडून हे राहून गेले होते आणि वीज जाऊन आल्यावर पत्ते बदलून सारे नियम भलत्याच उपकरणांना लागू झाले. यूपीएनपीने (उपकरणांना स्वतःच राउटरचे पोर्ट उघडू देणारी सोय) हे आपोआप होते, मात्र घरातील कोणतेही उपकरण न विचारता पोर्ट उघडू शकते, म्हणून मी ते बंद ठेवतो.

खरे तर सर्वांत आधी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता, पाहावा. त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर आपण सेवादात्या कंपनीच्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणारी कंपनीची नॅट यंत्रणा) आहात, आणि तिच्याकडून सार्वजनिक आयपी पत्ता घेतल्याशिवाय घरच्या राउटरवरील कोणत्याही नियमाचा उपयोग होणार नाही.