आवडता डेथ मेटल अल्बम आणि त्याची लांबी: आपला अनुभव काय आहे?

मंद्रसप्तक (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने मी डेथ मेटलमधले, म्हणजे जड गिटार, वेगवान ड्रम्स आणि गुरगुरत्या गायनाच्या मेटल संगीतातले, जुने आणि नवे अल्बम आलटून पालटून ऐकतो आहे. त्यातून एक गोष्ट ठळकपणे जाणवली, ती आपणा सर्वांपुढे मांडतो. ज्या अल्बमांकडे माझा हात आपसूक जातो, ते बहुतेक सगळे चाळीस मिनिटांच्या आत संपणारे आहेत. डेथ या गटाचा 'ह्यूमन' (१९९१) सुमारे ३४ मिनिटांचा आहे, मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९) ३९ मिनिटांच्या आसपास आहे, तर क्रिप्टॉप्सीचा 'नन सो व्हाइल' (१९९६) ३२ मिनिटांतच आटोपतो. याउलट अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' (२०२४) जवळजवळ ५८ मिनिटांचा आहे. त्या अल्बमबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही चौथ्या-पाचव्या रचनेपर्यंत कान दमतात आणि त्यापुढचे संगीत नुसते कानांवरून वाहून जाते.

'ह्यूमन' माझ्या लेखी पहिल्या क्रमांकावर का आहे, तेही सांगतो. 'फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स'च्या आरंभी ड्रम्स आधी दुरून, दबकत येतात आणि चढत जातात. गिटार येऊन मिळेपर्यंत ड्रमवादक शॉन राइनर्टने ऐकणाऱ्याचा पुरता ताबा घेतलेला असतो. प्रेते आणि रक्तमांस यांच्या वर्णनांपासून दूर जाण्याची सुरुवात डेथचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनरने 'स्पिरिच्युअल हीलिंग'मध्येच (१९९०) केली होती, पण शब्दांतला तो बदल संगीतात उतरला तो 'ह्यूमन'मध्ये, आणि त्याला सिनिक या गटातून आलेल्या राइनर्ट व पॉल मॅस्विडल या दोघा तरुणांची मोठी साथ मिळाली. एवढा मोठा पल्ला अवघ्या आठ रचनांत गाठला जातो, आणि शेवटची रचना संपल्यावर अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावावासा वाटतो.

अलीकडच्या अल्बमांपैकी ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' (२०२४) आणि टूम मोल्डचा 'द एन्ड्युअरिंग स्पिरिट' (२०२३) मला मनापासून आवडले, आणि हे दोन्ही फार लांब नाहीत. म्हणून विचारतो: या संगीताला आटोपशीरपणाच अधिक मानवतो का? आपला सर्वांत आवडता अल्बम कोणता, आणि गेल्या काही वर्षांतला कोणता अल्बम आपल्याजवळ खऱ्या अर्थाने टिकून राहिला?

तालवेडा

आपले निरीक्षण मला पटते, आणि त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. १९८९ ते १९९१ च्या सुमारास हे अल्बम मुख्यतः एलपी आणि कॅसेटवर निघत. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत बसवायचे झाले, तर खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात आणि आवाजाची पातळी व खर्जाचा जोर कमी करावा लागतो. ज्या संगीताचा सारा भार खर्जावर आहे, त्याला हे परवडणारे नव्हते. त्यामुळे त्या काळातल्या गटांना आपल्या रचनांतले सर्वोत्तम तेवढेच निवडावे लागे, आणि ती निवड आजही ऐकू येते.

माझा आवडता अल्बम 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' आहे आणि तो कधी बदलेल असे वाटत नाही. 'इमॉर्टल राइट्स'च्या सुरुवातीला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) उलटी वाजते, आणि मग तीच सुलट होऊन अंगावर येते. अल्बमचे पहिलेच क्षण इतके अनपेक्षित असावेत याचे मला आजही अप्रूप वाटते. ड्रमवादक पीट सँडोव्हल टेररायझर या गटातून, म्हणजे ग्राइंडकोर या अतिवेगवान शैलीतून आला होता, आणि त्याच्या ब्लास्ट बीटमध्ये (ड्रम्सच्या अखंड, वेगवान माऱ्यात) तिथली बेफाम घाई आहे. पण गिटारवादक ट्रे ॲझॅगथॉथच्या रिफ इतक्या वाकड्या वळणाच्या आहेत की त्या घाईलाही सारखी दिशा बदलावी लागते. 'चॅपल ऑफ घूल्स' मधेच संथ होते, तो भाग आपण केवळ गिटारकडे लक्ष देऊन ऐकावा. वेग उतरला तरी दडपण उतरत नाही. डेव्हिड व्हिन्सेंटचा आवाज पुढच्या अल्बमांमध्ये अधिक खोल झाला, परंतु इथल्या त्याच्या कर्कश आवाजातली धार मला जास्त प्रिय आहे.

अलीकडचे म्हणाल तर इमोलेशनचा 'ॲक्ट्स ऑफ गॉड' (२०२२) माझ्याजवळ टिकून आहे. रॉबर्ट व्हिग्नाची गिटार दोन सुरांनंतर ओळखू येते. त्यातल्या दोन-तीन रचना गाळल्या असत्या तर तो अल्बम अधिक धारदार झाला असता, असे मात्र वाटते.

खर्जसाधना

मला इथे स्पष्ट असहमती नोंदवावीशी वाटते. मिनिटे मोजून अल्बमचा निवाडा करता येत नाही, आणि माझा सर्वांत आवडता अल्बम त्याचेच उदाहरण आहे. गॉर्गट्सचा 'ऑब्स्क्युरा' (१९९८) तासाभराचा आहे आणि त्यातले एक मिनिटही मी काढू देणार नाही. ल्यूक लेमे आणि स्टीव्ह हर्डल या दोघांनी गिटारमधून जे घासणारे, किंचाळणारे, सुरांच्या मधल्या फटींत अडकलेले आवाज काढले आहेत, ते कानांना समजायलाच वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन रचनांत आपण त्यांची भाषा शिकतो, आणि अल्बमच्या मधोमध 'क्लाउडेड' येते तेव्हा ती भाषा आपल्याला कळू लागलेली असते. ही रचना जवळजवळ सरपटत चालते. एकेक आघात पडतो, त्याचा नाद पूर्ण विरू दिला जातो आणि मगच पुढचा आघात येतो. हा अल्बम पस्तीस मिनिटांचा असता तर अशा रचनेला त्यात जागाच उरली नसती.

अल्सरेट ऐकताना आपले कान का दमतात, याचा मी थोडा विचार केला. बहुधा आपण गिटारच्या मागे जात असाल, कारण बहुतेक डेथ मेटल तसेच ऐकले जाते. अल्सरेटमध्ये मायकल हॉगार्डची गिटार धुक्याप्रमाणे पसरते आणि ती पकडू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तिथे खरी कथा जेमी सेंट मेराटचे ड्रम्स सांगतात. पुढच्या वेळी आपण गिटारकडे संपूर्ण दुर्लक्ष करून फक्त त्याची झांज ऐकावी. तो ठेका कुठे सैल सोडतो, कुठे आवळतो आणि कोणत्या ठिकाणी ब्लास्ट बीट मधेच तोडून एकटा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) वाजवतो, याकडे लक्ष ठेवावे. मी हा अल्बम असाच ऐकते, आणि मला त्यात चढ-उतारांची इतकी स्पष्ट रेषा दिसते की ५८ मिनिटे जड वाटत नाहीत. जेमीच या गटाचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सही (वाद्यांच्या आवाजांची एकत्र जुळणी) सांभाळतो, त्यामुळे ड्रम्स नेमके कुठे ठेवायचे याचा विचार त्याच्याइतका दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' आपल्याला आवडला याचा आनंद आहे. पण आपल्या म्हणण्याला तो आधार देतो असे मला वाटत नाही. अल्बम ४४ मिनिटांच्या आसपास असला तरी त्यात फक्त दोन रचना आहेत, आणि प्रत्येक वीस मिनिटांहून मोठी आहे. 'द स्टारगेट'च्या मधल्या भागात टँजरिन ड्रीम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटातल्या थॉर्स्टन क्वेशनिंगचे सिंथेसायझर येतात आणि बराच वेळ मेटल पूर्णपणे थांबते. ऐकणारा तिथे श्वास घेतो, आणि पुन्हा ड्रम्स कोसळतात तेव्हा कान ताजे झालेले असतात. आपण ज्याला आटोपशीरपणा म्हणता, त्याला मी विश्रांतीच्या जागा म्हणेन, आणि त्या लांब अल्बममध्येही असू शकतात.

दुसरी बाजू

वरच्या चर्चेत ध्वनिमुद्रणाचा मुद्दा थोडक्यात आला आहे, परंतु माझ्या मते मूळ तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कान दमतात ते आवाजाची पातळी सतत एकसारखी राहिल्यामुळे. अलीकडच्या अनेक अल्बमांत मास्टरिंगच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाला अंतिम रूप देण्याच्या, वेळी सगळे काही दाबून एकाच उंचीवर आणले जाते. मग ड्रमचा आघात आणि गिटारची गुरगुर यांत अंतरच उरत नाही. अशा अल्बमची वीस मिनिटेही मला जास्त होतात.

माझा आवडता अल्बम एन्टूम्ड यांचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) आहे. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कॉग्सबर्ग यांनी तो ध्वनिमुद्रित केला, आणि त्या गिटारचा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलमधून आलेला आहे, ज्याची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवलेली असत. करवतीने ओले लाकूड कापावे तसा तो खरखरीत आवाज आहे. पण ऐकण्याजोगी गोष्ट ही की त्या खरखरीच्या भोवती मोकळी जागा राखली आहे. शीर्षक-रचनेत एल. जी. पेट्रोव्हची किंकाळी, मग तो बेलगाम वेग, आणि शेवटी सगळे मंदावून ती विषण्ण धून येते, तेव्हा प्रत्येक वाद्य वेगळे उभे राहिलेले ऐकू येते. त्याच स्टुडिओतला डिस्मेम्बरचा 'लाइक ॲन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम' (१९९१) याच्या जोडीने ऐकावा. त्यातले बहुतेक सोलो एन्टूम्डच्या निक अँडरसननेच वाजवले आहेत, आणि ड्रम्सवर बसणाऱ्या या माणसाची गिटारवरची हुकूमत थक्क करणारी आहे.

लांब असूनही न थकवणारा अल्बम हवा असेल तर बोल्ट थ्रोअरचा 'द फोर्थ क्रुसेड' (१९९२) ऐकावा. पन्नास मिनिटांहून अधिक वेळ तो एकाच मध्यम चालीने पुढे सरकतो, आणि त्या चालीतच त्याचे बळ आहे.

मंद्रसप्तक

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. खर्जसाधना, आपण सुचवल्याप्रमाणे मी अल्सरेटचा अल्बम झांजेच्या मागे जाऊन ऐकला, आणि शेवटच्या दोन रचना मला प्रथमच वेगवेगळ्या आठवणीत राहिल्या. आटोपशीर अल्बमकडे माझा ओढा कायम आहे, पण विश्रांतीच्या जागांबद्दल आपण जे म्हणालात ते 'ह्यूमन'लाही लागू पडते असे आता वाटते, कारण 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'च्या सुरुवातीची ती शांत गिटार आणि शब्दांविना वाजणारी 'कॉस्मिक सी' नेमके तेच काम करतात. टूम मोल्डच्या ताज्या अल्बममधल्या शेवटच्या, अकरा मिनिटांहून मोठ्या रचनेतही स्वच्छ गिटारचा एक दीर्घ भाग आहे, आणि तोच मला सर्वाधिक आवडतो.

एक प्रश्न मात्र उरतो. 'ह्यूमन'च्या मूळ मिक्समध्ये स्टीव्ह डिजॉर्जिओचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. २०११ च्या आवृत्तीत नवा मिक्स आहे, आणि त्यात तो पुढे आला आहे. आपण कोणती आवृत्ती ऐकता?

दुसरी बाजू

मी दोन्ही ऐकतो, परंतु वेगवेगळ्या कारणांसाठी. डिजॉर्जिओने काय वाजवले आहे हे कळण्यासाठी २०११ ची आवृत्ती अत्यावश्यक आहे. 'सीक्रेट फेस'मध्ये तो गिटारची री न ओढता स्वतःची वाट धरतो, हे मला त्यातूनच उमगले. मूळ मिक्सची कोरडी, घट्ट बांधणी मात्र नव्यात थोडी सैल झाली आहे, आणि राइनर्टच्या ड्रम्सचा ठोका मला जुन्यातच अधिक भावतो. प्रथम ऐकणाऱ्याला मी मूळ मिक्सच देईन.

तालवेडा

बास ऐकण्याचीच आवड असेल, तर त्याच वर्षीचा एथिइस्टचा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' अवश्य ऐकावा. त्यातले बासचे बरेचसे काम रॉजर पॅटरसनने रचले होते, पण १९९१ च्या आरंभी अपघातात तो गेला आणि ध्वनिमुद्रणात टोनी चॉयने त्याची जागा घेतली. मिक्समध्ये बासला गिटारच्या बरोबरीचे स्थान आहे, आणि अल्बम 'ह्यूमन'प्रमाणेच आटोपशीर आहे.