बचावपटूंनाही परदेश मानवतो
'परदेशी क्लबांत नाव होतं ते गोल करणाऱ्यांचंच', हे फुटबॉलबद्दलचं मत मला अजिबात पटत नाही. इंग्लंडची राइट-बॅक, म्हणजे उजव्या बाजूची बचावपटू, लुसी ब्राँझ बघा. २०१७ मध्ये मँचेस्टर सिटी हा इंग्लिश क्लब सोडून ती फ्रान्सच्या ल्यों क्लबात गेली आणि २०१८, २०१९, २०२० अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. २०१९ मध्ये युएफाची (युरोपीय फुटबॉल संघटनेची) सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली, आणि हा मान मिळवणारी ती पहिलीच बचावपटू! पुढे स्पेनच्या बार्सिलोनाकडून २०२३ आणि २०२४ ची चॅम्पियन्स लीग. २०१९ च्या अंतिम सामन्यात तिनं ल्योंकडून खेळताना बार्सिलोनाला हरवलं, २०२४ मध्ये बार्सिलोनाकडून खेळताना ल्योंला. अशी कारकीर्द किती स्ट्रायकरांच्या वाट्याला येते? २०२५ चा युरो, म्हणजे युरोपीय देशांची स्पर्धा, तर ती नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली. मला तिच्याबद्दल नितांत आदर आहे.