शेजाऱ्यांनी रविवारी मॉर्मन चर्चला बोलावलंय, तिथे नक्की काय काय होतं?

लीहायचा_नवा:

नमस्कार मंडळी, नोकरीमुळे यंदा युटाला आलोय, सॉल्ट लेक सिटीच्या खाली लीहायला राहतो. शेजारी मॉर्मन आहेत, फार चांगली माणसं, बर्फ पडला की स्वतःच्या दारासमोरचा काढता काढता आमच्या दारासमोरचापण काढून टाकतात, सांगत पण नाहीत. त्यांचा मोठा मुलगा १८ चा झाला, आता दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला चाललाय, आणि निघायच्या आधी येत्या रविवारी चर्चमध्ये त्याचं भाषण आहे म्हणून आम्हाला दोघांना आणि आमच्या चार वर्षांच्या कार्टीला आग्रहाचं आमंत्रण आहे. जायचंय हे नक्की.

पण तिथलं काहीच माहीत नाही हो. कपडे काय घालायचे, किती वेळ चालतं, पोरगी मधेच बडबडायला लागली तर उठून बाहेर जायचं का, ब्रेड आणि पाणी वाटतात म्हणे ते आम्ही घ्यायचं की नाही, पैसे कुठे टाकायचे असतात का, आणि एकदा गेलं की धर्म बदला म्हणून मागे लागतात का. शिवाय मला शांत ठिकाणी हसू येतं, बायकोला सगळ्यात जास्त टेन्शन त्याचं आहे. कोणी गेलं असेल तर लिहा. गमतीजमती असतील तर त्याही लिहा, फक्त टिंगल नको.

ओरेमची_काकू:

अरे जा बिनधास्त. आम्ही इथे बरीच वर्षं आहोत आणि अख्खी गल्ली मॉर्मन, त्यामुळे कोणाच्या बाळाला आशीर्वाद द्यायचाय, कोणाचं मिशन, कोणाचा ख्रिसमसचा कार्यक्रम, असं करत करत आमच्या बऱ्याच चकरा झाल्यात.

शांत ठिकाण म्हणालास ना, ते आधी डोक्यातून काढ. एकेका घरात चारपाच पोरं आणि ती सगळीच्या सगळी आईबापांबरोबर त्याच बाकांवर बसलेली, कारण मुख्य सभेला पोरांची वेगळी सोयच नसते. प्रत्येक आईकडे एक मोठी पिशवी, त्यात चिरिओज, माशाच्या आकाराची बिस्किटं, रंगखडू, आवाज न करणारी कापडी पुस्तकं. मीटिंग सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली की चिरिओज गालिच्यावर, खडू बाकाखाली, आणि एखादं पोर बाकांखालून रांगत रांगत तीन ओळी पुढे भलत्याच कुटुंबात उगवतं, ते लोक शांतपणे त्याला उचलून मागे पास करतात. एखादं फारच किंचाळायला लागलं की बाप त्याला काखोटीला मारून मधल्या रस्त्याने बाहेर पळतो. एक माणूस मान वळवून बघत नाही. तुझ्या कार्टीकडे कोणाचं लक्षसुद्धा जाणार नाही.

कपडे म्हणशील तर पुरुष बहुतेक सगळे पांढरा शर्ट आणि टाय, बायका ड्रेस किंवा स्कर्ट. तू साधा इस्त्रीचा शर्ट-पँट घाल, बायकोने पंजाबी ड्रेस घातला तरी छान, उलट चार जणी येऊन कौतुक करतील. ब्रेड-पाण्याचा ट्रे हातोहात येतो, घ्यायचं नसेल तर नुसता पुढच्याला द्यायचा, कोणी काही म्हणत नाही. वाईन नसते, साधं पाणीच असतं, एवढुशा कपात. दानाची थाळी फिरत नाही. त्यांच्यात उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा असतो पण ते ऑनलाइन नाहीतर पाकिटातून बिशपकडे, म्हणजे तिथल्या प्रमुखाकडे, पाहुण्यांचा त्यात काही संबंध नाही.

आणि हो, मुलाचं भाषण कितीही छान झालं तरी टाळ्या वाजवू नका. भाषण संपलं की सगळे एका सुरात आमेन म्हणतात आणि झालं. आमचे हे हात वर उचलून तसेच थांबलेले, मग केस सारखे केले.

रविवार महिन्यातला पहिला नाहीये ना? पहिला रविवार उपासाचा असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी वगैरे काही नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या दिवशी ठरलेली भाषणं नसतात, ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन आपली श्रद्धा सांगायची. म्हणजे सगळे उपाशी आणि माइक मोकळा! कोणी रडतं, कोणी सुट्टीत कुठे गेलो ते सगळं सांगतं आणि शेवटी त्यात देव आणतं, म्हाताऱ्या आजी शेजारणीच्या ऑपरेशनचा पूर्ण वृत्तांत देतात. टिश्यूचा खोका तिथेच ठेवलेला असतो. आणि ते भाषणाचं टेबल मोटरवर खालीवर होतं. पाच वर्षांची मुलगी आली की घुंऽऽ करत खाली, मागून तिची आई कानात वाक्य सांगणार आणि ती माइकमध्ये ओरडणार, मग साडेसहा फुटी बुवा आला की घुंऽऽ करत वर. हसू येणार असेल तर तिथेच येईल तुला.

आतून_बोलतोय:

मी मेंबर आहे, लग्नानंतर झालो. काकूंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. थोडं आतलं सांगतो, म्हणजे तिथे बसल्यावर काय चाललंय ते कळेल.

मुख्य गोष्ट ही की आमच्या वॉर्डात पगारी पाद्री कोणीच नसतो. वॉर्ड म्हणजे ठरावीक गल्ल्यांचा मिळून एक गट, कुठल्या वॉर्डात जायचं हे तुमच्या पत्त्यावरून ठरतं. बिशप म्हणजे तुमच्यामाझ्यासारखा नोकरीधंदावाला, साधारण पाचेक वर्षं फुकट हे काम करतो आणि मग परत मागच्या बाकावर जाऊन बसतो. आमचा आत्ताचा बिशप आठवडाभर लोकांचे दात काढतो. ऑर्गन वाजवणारी, पोरांना शिकवणारा, खुर्च्या लावणारा, सगळे असेच नेमलेले. आणि रविवारची भाषणं? तीही आम्हीच करायची. ज्यांना जन्मात कधी माइक धरायचा नव्हता अशी माणसं. सगळी गंमत यातून येते आणि माझ्या मते या चर्चचा चांगुलपणापण यातूनच येतो, चकाचक स्टेजवरचा गुळगुळीत बोलणारा पाद्री आणला तर अर्धी मजा जाईल.

तर भाषणाची पहिली दोन मिनिटं कायम एकाच विषयावर असतात, बिशपकडून फोन कसा आला. फोनवर नाव बघितलं, पोटात गोळा आला, बायको म्हणाली उचल, नाही म्हणता येईना, वगैरे. मग डिक्शनरीत श्रद्धेची व्याख्या काय दिलीये ते वाचायचं. मग एखाद्या अपॉसलच्या, म्हणजे चर्चच्या वरच्या नेत्याच्या भाषणाचे चार मोठे परिच्छेद.

साधारण तीन वक्ते असतात. पहिलं एखादं शाळकरी पोर, पाच मिनिटं दिलेली असतात आणि ते दीड मिनिटात धडाधड वाचून पळतं. दुसऱ्याला दहा दिलेली असतात, तो रडत रडत बावीस घेतो. तिसरा बिचारा दोन आठवडे तयारी करून कागद घेऊन बसलेला, त्याला उरतात चार मिनिटं, आणि घड्याळ मागच्या भिंतीवर, म्हणजे समोर बघून बोलणाऱ्यालाच दिसतं. अशा वेळी तिसऱ्या माणसाचा चेहरा बघा. काही जण मोठ्या मनाने दोन वाक्यं बोलून बसतात, त्यांना बाहेर लोक अक्षरशः मिठ्या मारतात. काही जण मात्र तयारी केलीये तर सगळं वाचणारच म्हणून वाचतात आणि मग शेवटचं भजन चारही कडवी, त्यात सूट नाही. महिन्यातून एकदा स्टेकच्या (म्हणजे अनेक वॉर्डांच्या मोठ्या गटाच्या) हाय कौन्सिलमधून पाहुणा वक्ता येतो, त्या दिवशी हजेरी आपोआप कमी असते, याच्यावर आमच्यात इतके विनोद आहेत की तो वक्ता स्वतःच सुरुवात त्यातल्या एकाने करतो.

ब्रेड आणि पाण्याचा भाग मात्र एकदम गंभीर असतो, त्या दहा मिनिटांत पोरंसुद्धा जरा बरी वागतात. ब्रेड सुपरमार्केटमधला, कोणीतरी सकाळी आठवणीने आणलेला. सोळासतरा वर्षांचा मुलगा गुडघे टेकून प्रार्थना म्हणतो आणि ती शब्दन् शब्द बरोबर लागते. एक शब्द चुकला की तो बिशपकडे बघतो, बिशपने मान हलवली नाही तर परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा चुकला तर परत. तेव्हा सगळा हॉल श्वास धरून असतो, कोणी हसत नाही, कारण अर्ध्या पुरुषांनी स्वतः त्या वयात तिथे घाम गाळलेला असतो. ट्रे फिरवणारी पोरं बाराच्या आसपासची, टाय बापाचा, गुडघ्यापर्यंत.

मधेच कोणाला नवीन काम दिलं असं जाहीर होतं आणि सगळे उजवा हात वर करतात. ती मेंबरांची संमती असते, तुम्ही हात खाली ठेवा.

वेळेचं म्हणाल तर ही मुख्य सभा एक तासाची, त्यानंतर वर्ग, एकूण दोन तास. १९८० पासून तीन तासांचा ब्लॉक होता, २०१८ च्या ऑक्टोबरच्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अख्ख्या चर्चच्या सभेत जाहीर झालं की जानेवारी २०१९ पासून दोनच तास. त्या दिवशी आम्ही घरी सोफ्यावर होतो, पायजम्यात, सिनॅमन रोल खात (कॉन्फरन्स टीव्हीवर बघायची असते, एप्रिल आणि ऑक्टोबर, तेव्हा वॉर्डात सभा नसते), आणि माझ्या पोरांनी वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आरडाओरडा केला. तुम्ही पहिला तास झाला की निघालात तरी चालेल.

कडक_कॉफी:

सगळे इतकं गोड गोड लिहितायत म्हणून थोडं मीठ टाकतो. जा, जरूर जा, पण एक तर सभा सकाळी ९ ची असेल तर घरून कॉफी पिऊन जा. यांना १८३३ पासून कॉफी-चहा वर्ज्य, तिथे काही मिळणार नाही, आणि ऑर्गनवरचं संथ भजन सुरू झालं की भलेभले पेंगतात. वर स्टेजवर बसलेली मंडळी पण, आणि त्यांना लपायला जागा नसते.

दुसरं म्हणजे मागे लागतात का. जबरदस्ती कोणी करत नाही, पण काळे बॅज लावलेली मिशनरी पोरं-पोरी दारातच भेटतील, हात जोरात हलवतील, नंबर मागतील. द्यायचा नसेल तर हसून स्पष्ट नाही म्हणा. आपण संकोचाने "बघू, बघू" म्हणतो ना, त्यांच्या वहीत त्याचा अर्थ मंगळवारी सात वाजता असा होतो.

बिशप, त्याचे दोन साथीदार, ट्रेवाली पोरं, सगळे पुरुष. बायकांची रिलीफ सोसायटी १८४२ पासून आहे, प्रचंड काम करतात, पण वॉर्डाची सूत्रं पुरुषांच्या हातात. आतूनभाऊ सगळं "आम्हीच करतो" म्हणाले, त्यात हा हिशोब राहिला.

आतून_बोलतोय:

मान्य आहे, माझी बायको हेच बोलते आणि माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते. पेंगण्याबद्दल तर वादच नाही.

लीहायचा_नवा:

काय माहिती दिलीत राव, बायकोला वाचून दाखवलं, ती त्या मोटरवाल्या टेबलावरच हसत बसलीये. रविवार चौथा आहे, सभा साडेदहाला. आणखी दोन शंका. एक, त्यांनी सांगितलंय लवकर या, गर्दी होईल. म्हणजे किती लवकर? आणि दुसरं, नंतर त्यांच्या घरी जेवण आहे, काय घेऊन जाऊ? आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

आतून_बोलतोय:

वीस मिनिटं आधी जा. मिशनच्या भाषणाला आजी-आजोबा, मावश्या, फुटबॉलची टीम, सगळे येतात. मागचे बाक आधी भरतात, पुढचे रिकामे राहतात. उशीर झाला तर हॉलच्या मागची घडीची भिंत उघडलेली असते आणि पलीकडे बास्केटबॉलचं कोर्ट, खरंच, चर्चच्या इमारतीतच. तिथे लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर फ्री थ्रोच्या रेघेवर बसून प्रवचन ऐकावं लागेल. पोरीला रिंग दिसली की ती बॉल मागेल हे धरून चाला.

आणि इमारत म्हणजे टेंपल नाही हां, ते खास विधींसाठीचं, वेगळं. टेंपलमध्ये आम्हालापण परवाना लागतो आणि रविवारी ते बंदच असतं. मीटिंग हाऊसला कोणीही या.

ओरेमची_काकू:

न्यायला फुलं किंवा सुका मेवा ने. वाईन नको, कॉफीचा गिफ्ट पॅक तर नकोच नको, आमच्या ओळखीतल्या एकांनी नेला होता, तो त्यांच्या गॅरेजमध्ये वर्षभर पाहुण्यासारखा बसलेला होता.

जेवणात बहुतेक हॅम, छोटे पाव, सॅलड आणि फ्युनरल पोटॅटोज असतील. नावाला घाबरू नको, बटाटा, चीज, आंबट क्रीम आणि वर कॉर्नफ्लेक्सचा थर, मयतापासून बारशापर्यंत कुठेही करतात आणि लागतं अप्रतिम. पण त्यात बहुतेक वेळा डब्यातलं चिकन सूप घालतात, तेव्हा आधी विचार. जेलो, म्हणजे थुलथुलीत जेली पण येईल, हिरवा, त्यात किसलेलं गाजर असलं तर दचकू नको, २००१ साली युटाच्या सिनेटने जेलो हा युटाचा आवडता स्नॅक असल्याचा ठरावच केलाय. त्यात जिलेटीन असतं, म्हणजे तुम्हाला दोघांना तो बाद. आदल्या दिवशीच शेजारणीला सांगून ठेव, ती तुमच्यासाठी मश्रूमचं सूप घालून वेगळा ट्रे करेल. आणि कार्टीसाठी कपड्यांचा एक जादा जोड ने, तिथल्या पोरांबरोबर लॉनवर स्प्रिंकलरमध्ये जाणार ती.