अनुभव धागा : जपानमध्ये इंग्रजी शिकवताना

जपानला इंग्रजी शिकवायला निघालेली मुलंमुली व्हिसा आणि पगाराचं सगळं विचारून घेतात. शाळेतला दिवस कसा जातो, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. माझ्या मते तिथे मन रमणं न रमणं त्या दिवसावरच ठरतं. तिथे शिकवत असलेल्या, शिकवून परतलेल्या सगळ्यांनी लिहावं, ही विनंती. सुरुवात मी करते.

ओकायामा, चूगाक्को (आपली सातवी ते नववी)

१९८७ पासून चालू असलेल्या जेट या जपान सरकारच्या कार्यक्रमातून मी एएलटी, म्हणजे सहायक इंग्रजी शिक्षिका, म्हणून गेले. करार एकेका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारा. वर्ग जपानी शिक्षकांचा असतो. आपण संवाद वाचायचे, उच्चार करून घ्यायचे, खेळ तयार करायचे. पहिल्या तासाला मी पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचे फोटो दाखवले. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे हे कळल्यावर मुलं खुलली.

एरवी प्रश्न विचारला की वर्ग गप्प. उत्तर येत असतं, पण सगळ्यांसमोर एकट्याने चुकायची भीती असते. आधी शेजाऱ्याशी बोलायला मिनिटभर द्या, मग तीच मुलं हात वर करतात.

खरी ओळख वर्गाबाहेर होते. दुपारी पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलंच जेवण वाढतात आणि सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. नंतर साफसफाई. फडकी घेऊन मुलं फरशी पुसतात, शिक्षकही हात लावतात. तासाला मान वर न करणाऱ्या एका मुलीने माझ्याबरोबर जिना झाडताना इंग्रजीत विचारलं, भारतातल्या शाळेत हे काम कोण करतं? मी खरं ते सांगितलं. तो प्रश्न अजून माझ्या मनात आहे, आणि आपल्या शाळांनी तो स्वतःला विचारावा असं मला फार वाटतं.

आओमोरी

थंडीबद्दल लिहितो. आमच्या शाळेत वर्गात रॉकेलचा हीटर होता, कॉरिडॉरमध्ये काहीच नाही. शाळेत बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून आत घालायच्या बुटांची जोडी जाड तळव्याची घ्या. मोठ्या मापाचे बूट तिथे सहज मिळत नाहीत. घराची भिंतही पातळ असते. बर्फ काढायचं फावडं शेजारच्या आजोबांनी आपणहून आणून दिलं, तिथून आमची मैत्री.

ओसाका, एइकाइवा

हे स्टेशनजवळचे खासगी संभाषणवर्ग. काम दुपारी सुरू होतं आणि रात्री नवाच्या सुमारास संपतं, शनिवारीही असतं. एका तासाला चार वर्षांचं मूल, पुढच्या तासाला निवृत्त गृहस्थ. माझे एक आजोबा विद्यार्थी दर आठवड्याला वहीत पानभर लिहून आणायचे आणि मगच बोलायचे. त्यांच्यासाठी मी मनापासून तयारी करायचे.

भारतीय उच्चारांवर शंका घेणारे पालक भेटतात. त्याने खचू नका, दोन-तीन तासांनंतर तो विषय बहुधा मागे पडतो. दुसरं, शाळेत शिकवण्याच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसासाठी परकी भाषा शिकवायची तर त्याच भाषेच्या माध्यमातून बारा वर्षांचं शिक्षण लागतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी अर्जाआधी हे नीट तपासावं.

साइतामा, प्राथमिक शाळा

२०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, गाणी आणि खेळांचे. मी एका एजन्सीमार्फत होतो आणि आठवड्यात वेगवेगळ्या शाळांत जायचो. ऑगस्टच्या सुट्टीत पगार कमी यायचा. करारातली ही ओळ सहीआधी वाचा, बचतीचा हिशोब तिच्यावरच असतो. मुलं मात्र गोड. मे महिन्यात क्रीडादिनाच्या तयारीत त्यांनी मला दोरीखेचीला ओढून नेलं, तेव्हापासून मी त्यांचा झालो.

एक प्रश्न

ताई, मी शाकाहारी आहे. एप्रिलमध्ये रुजू होईन. डबा नेला तर शाळेत वाईट दिसेल का?

ओकायामाहून उत्तर : अजिबात नाही. भाजीचं दिसणारं सूपही बहुधा माशाच्या अर्काचं असतं, त्यामुळे आधी बोलणं बरं. ॲलर्जी असलेली मुलंही घरून डबा आणतात. रुजू होताच उपमुख्याध्यापकांना सांग, म्हणजे जेवणाचे पैसे कापले जाणार नाहीत. शाळेचं जेवण चालू ठेवणार असशील, तर दर महिन्याला जेवणाचा तक्ता मिळतो. ज्या दिवशी फक्त भात आणि फळ चालणार असेल, त्या दिवशी भाजी घरून ने. पण जेव वर्गात मुलांबरोबरच. शिक्षक-खोलीत एकटी बसू नकोस.