शब्दचर्चा: निरीक्षण, तपासणी, मूल्यमापन

प्रश्न : सैनिकांचे प्रशिक्षण अधिकाऱ्याने कसे पाहावे आणि कसे जोखावे, याविषयीच्या एका टिपणाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. आम्ही इंदूरकर घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतो. महूची छावणी जवळच असल्यामुळे 'साहेब निरीक्षणाला आले' हे वाक्य लहानपणापासून कानांवर आहे. टिपणातला अधिकारी मात्र आधी पाहतो, मग नोंदतो आणि शेवटी जोखतो. या सगळ्याला 'निरीक्षण' चालेल काय?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. हिंदीत 'निरीक्षण' म्हणजे मुख्यतः तपासणी. प्रयोगवहीत मराठी मुले जिथे 'निरीक्षण' लिहितात, तिथे हिंदी माध्यमाची मुले 'प्रेक्षण' लिहितात. 'पोलीस निरीक्षक' या पदनामात तपासणीचा अर्थ मराठीतही आहे, हे मान्य. पण एरवी आपण हा शब्द लक्षपूर्वक पाहण्यासाठीच वापरतो आणि त्याचा मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, हाच आहे.

'गस्त ढिसाळ झाली' हे मूल्यमापन आहे. 'नाला ओलांडताना मागच्या दोघांपैकी कोणीही पिछाडीकडे पाहिले नाही' हे निरीक्षण आहे. पहिल्या वाक्याने जवान फक्त खट्टू होतो, दुसऱ्याने त्याला नेमके काय सुधारायचे ते कळते, आणि म्हणूनच निरीक्षण आधी वहीत उतरून मग ठरलेल्या मानकाशी ताडून पाहिल्याशिवाय मूल्यमापनाला आधार राहत नाही. तपासणी रायफलीची, बुटांची, हजेरीची. सरावाच्या मैदानावर तपासणीची चाहूल लागली की तुकडी शिकायचे सोडून दाखवू लागते, हा धोका अनुवादात शब्द चुकल्यानेही ओढवतो.

प्रश्न : आभारी आहे. सरावानंतर सर्वांनी बसून बोलायचे, त्याला 'समीक्षा' म्हणावे काय?

उत्तर : मराठी वाचकाला 'समीक्षा' म्हटले की पुस्तक आठवते, 'आढावा' म्हणावे. ही पद्धत अमेरिकी सैन्यात 1970च्या दशकात रूढ झाली. काय करायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, तसे का झाले आणि पुढच्या वेळी काय करायचे, हे त्यात सहभागी जवानांनीच सांगायचे असते. अधिकाऱ्याने विचारायचे आणि आपल्या नोंदी पुढे ठेवायच्या. त्या अधिकाऱ्याला मात्र 'निरीक्षक' म्हणू नये, 'निरीक्षण करणारा अधिकारी' असे सविस्तर लिहावे, नाहीतर आपल्या इंदुरात तो पुन्हा तपासणीलाच आलेला वाटेल.